ईशानची पन्नास मिनिटं

प्रिय फिलूताई,

‘प्रिय’ लिहिताना हात जरा अडलाच. पण पत्र असंच सुरू करायचं हे मला तूच शिकवलंस, आणि दुसरं काही सुचेना, म्हणून लिहून टाकलं. त्या शब्दाचा फार अर्थ काढत बसू नकोस.

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. येत्या रविवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी महिन्याचा मिस्सा आहे, प्रार्थनेचा. फादर म्हणाले, सेलिन, दोन शब्द तू बोल, तिला तुझ्याशिवाय जवळचं होतं कोण? मी हो म्हणून बसले. पण हे पत्र त्या दोन शब्दांसाठी नाही. त्यांचं मी बघून घेईन.

हे पत्र तुझ्या मोबाइलमुळे लिहितेय. तो मी अजून बंद केलेला नाही, कपाटावर चार्जिंगला लावून ठेवलाय. तो वाजतो गं! मेलेल्या बाईला एवढे फोन येत असतील असं मला वाटलं नव्हतं. बहुतेकांना सांगते, फिलोमिना बाई गेल्या. मग पलीकडचं माणूस रडतं आणि मी त्याचं सांत्वन करते. तुझ्या मरणाचंही काम मलाच.

काल सकाळी मुलुंडहून एका मुलीचा फोन आला. जेनेट नाव. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “आंटी, दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या शिबिरात तुम्ही त्या बाळाची गोष्ट सांगितली होती ना? कवटीचा वरचा भाग नव्हता, तरी आईने ठेवलं, आणि ते आईच्या कुशीत गेलं? माझ्या बाळाचं तेच आलंय सोनोग्राफीत. पाचवा महिना आहे. घरात सगळे नको म्हणतायत. मला बाकी काही नको आंटी, तेवढंच हवंय. कुशीत.”

मी तिला सांगितलं नाही की तू गेलीस. हेही सांगितलं नाही की त्या बाळाची आई मी आहे, आणि माझं बाळ माझ्या कुशीत गेलं नाही. मी फक्त म्हटलं, उद्या येते. तुझ्या आवाजात बोलले, ताई. आपले आवाज फोनवर सारखेच येतात, हे आठवतंय ना?

तो उद्या म्हणजे आज. दुपारी चार वाजता मला मुलुंडला पोचायचंय. त्याआधी तुझ्याशी भांडून घेणं भाग आहे, कारण जिवंतपणी ते पुरं झालं नाही.

तू चांगली होतीस, हे आधीच सांगून टाकते. वाईट बाईवर एवढं रागावायची मला गरजच पडली नसती.

अंधेरीच्या आपल्या गावठाणात आणि पलीकडच्या चाळीत त्या भिंतीवरून राडा झाला तेव्हा पोरं हॉकी स्टिका घेऊन उतरली होती. तू घरातून प्लास्टिकची खुर्ची उचललीस, गल्लीच्या मधोमध टाकलीस आणि तांबड्या माठाच्या जुड्या मांडीवर घेऊन बसलीस. गल्ली एवढी अरुंद, की तुला उचलल्याशिवाय कुणाला पलीकडे जाता येईना. आणि पंचेचाळीस वर्षांच्या बाईला उचलणार कोण? दोन्हीकडच्या म्होरक्यांच्या हातात तू एकेक जुडी दिलीस. म्हणालीस, उभेच आहात तर निवडा. आणि ती गाढवं निवडायला लागली की गं! अर्ध्या तासात भाजी निवडून झाली आणि भांडणही. तेव्हापासून तू खुर्चीवाली आंटी.

सीमेवर काही झालं आणि सगळी मुंबई युद्ध मागायला लागली, तेव्हा तू स्टेशनबाहेर पाटी घेऊन उभी राहिलीस. ‘त्यांचीही मुलं आहेत.’ कुणीतरी अंडी मारली. घरी येऊन केस धुताना म्हणालीस, बरं झालं, आज कंडिशनर फुकट मिळालं. कुणाला फाशी झाली की त्या दिवशी तुझा उपास. मी एकदा विचारलं होतं, ताई, एवढा नालायक माणूस, त्याच्यासाठी कशाला? तू म्हणालीस, जीव चांगल्याला वेगळा आणि वाईटाला वेगळा देतो का देव?

आणि ज्या प्रसूतिगृहात बाया गर्भ पाडून घ्यायला यायच्या, त्याच्यासमोर तू रोज बसायचीस. ओरडली नाहीस कधी, कुणाला पापीण म्हणाली नाहीस. थर्मासमध्ये लिंबाचं सरबत घेऊन बसायचीस. बाया रडत बाहेर यायच्या, तू पेला पुढे करायचीस. कितीतरी जणी परत फिरल्या. त्यांची मुलं तुझ्या मातीला आली होती. कॉलेजात जाणारी, उंचच उंच. ती रांगेने येऊन तुझ्या कपाळाला हात लावून गेली, आणि मी बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, माझा कुठाय?

एवढी कडू झालेय मी. कुणी केलं?

तू कुणाला ढकलत नव्हतीस. नुसती बसून राहायचीस. त्यात तुझी ताकद होती, आणि तसंच तू मलाही जिंकलंस.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद पालथा ठेवून मला आणि मंगेशला सांगितलं की बाळाच्या कवटीचा वरचा भाग तयार झालेला नाही, मेंदूही जवळजवळ नाही, जन्मलं तरी तासभर जगेल, फार तर दिवसभर. मोकळं व्हा, म्हणाले. मंगेश लगेच हो म्हणाला. त्याची आई, माझ्या सासूबाई, मालवणहून फोनवर म्हणाल्या, “बाय माझे, जीवाक जप. पोरां मागीर होतली.” मुलं काय, नंतरही होतील. चांगली माणसं होती ती. मला वाचवायला बघत होती. आणि मी कुणाला फोन लावला? तुला! आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची आणि तू वीसची. माझ्या वेण्या तू घातल्यास, पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा तू शिवलास, मी मंगेशशी लग्न करते म्हटल्यावर सगळं गावठाण ओरडलं तेव्हा माझ्या बाजूने तूच बसलीस, तुझ्या त्या खुर्चीवर. दुसऱ्या कुणाला विचारणार होते मी?

तू त्याच दुपारी बोरीवलीला आलीस. माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस बसलीस. स्वयंपाक केलास, भांडी घासलीस, बाळाविषयी एक अक्षर काढलं नाहीस. मंगेश तिरकस बोलायचा, तू त्याला आणखी एक पोळी वाढायचीस. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, ताई, बोल काहीतरी. तेव्हा तू बोललीस.

“सेलू, तो मरणार आहे हे ठरलेलंच आहे. आपल्याला एवढंच ठरवायचंय, कुठे मरणार. बादलीत, की तुझ्या कुशीत. तू त्याला हातात घेशील. तासभर का होईना. हे मी तुला देते.”

हे मी तुला देते. हेच शब्द होते. देवाने दिलं असं तू म्हणाली नाहीस. देवावर मी तेव्हाही फारसा भरवसा ठेवत नव्हते. मी भरवसा ठेवला तुझ्यावर.

मंगेश मला म्हणाला, तुझी बहीण लोकांच्या भांडणात मध्ये बसते ते ठीक, माझ्या आणि माझ्या बायकोच्या मध्ये कशाला बसते? मी त्याला गप्प केलं. ‘मी सांगितलं होतं’ असं आजवर त्याने एकदाही बोलून दाखवलेलं नाही. त्याने बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मग चार महिने. पोट घेऊन ऑफिसला जायचं, लोकांनी विचारायचं कितवा, मुलगा की मुलगी, आणि आपण हसायचं. लिफ्टमधल्या बाया पोटाला हात लावायच्या. एकीने डोहाळजेवणाची तारीख विचारली! मी रोज हसले. तू म्हणायचीस, सेलू, हा तुझा क्रूस. माझ्या पाठीवर होता गं तो, तुझ्या नाही. तू नुसती बाजूने चालत होतीस.

त्याला आम्ही नाव ठेवलं, ईशान. मंगेशनेच सुचवलं. नको म्हणणाऱ्या माणसाने रात्रभर जागून नाव शोधलं, याचं मोल तुला कधी कळलं नाही. तू मात्र त्याला रफाएल म्हणत होतीस. तुमच्या त्या प्रथेप्रमाणे तू त्याला प्रार्थनेत दत्तक घेतलं होतंस. धोक्यात असलेल्या एका न जन्मलेल्या बाळासाठी नऊ महिने रोज प्रार्थना करायची, आणि त्याला मनातल्या मनात एक नाव द्यायचं. एरवी ते बाळ कुणाचं ते माहीत नसतं. या वेळी माहीत होतं. मी म्हटलं, ताई, त्याचं नाव ईशान आहे. तू म्हणालीस, हो गं, ते तुमचं. रफाएल आपलं देवाघरचं. मला हसू आलं होतं तेव्हा.

मी टोपी विणली. लिंबाच्या रंगाची. डोकं झाकणारी, खालपर्यंत येणारी. तीनदा उसवली, कारण माप कुणाला विचारणार?

तो दिवस मी तुला माझ्या बाजूने सांगते. तुझ्या बाजूने तर तू शेकडो लोकांना सांगितलास.

बाळ आडवं होतं. पाठीत दिलेलं इंजेक्शन लागू पडेना, म्हणून मला पूर्ण भूल द्यावी लागली. रक्त कमी पडेल म्हणून मंगेशला बाटली आणायला दुसऱ्या रक्तपेढीत पिटाळलं, आणि तो पुलावर अडकला. तिथल्या डॉक्टरबाई तुला ओळखत होत्या, त्यांनी तुला आत घेतलं. नर्सने त्याला पुसून, टोपी घालून तुझ्या हातात दिलं. तू बाटलीतलं पाणी त्याच्या कपाळावर तीनदा ओतलंस आणि त्याचा बाप्तिस्मा केलास. मरणाच्या दारात असलेल्याला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, फादर लागत नाही, हे मला लहानपणापासून पाठ आहे. आई-बापाला विचारावंही लागत नाही, हे मात्र मला तेव्हाच कळलं. आणि तू त्याला नाव दिलंस, रफाएल.

मला नीट जाग आली तेव्हा तू पलंगाशी बसली होतीस. गाठोडं माझ्या छातीवर ठेवलंस. टोपी बरोबर बसली होती. मी त्याच्या गालाला ओठ लावले आणि मला कळलं. तू म्हणालीस, पन्नास मिनिटं जगला. तू उठायच्या थोडं आधीच गेला गं.

मी विश्वास ठेवला. भूल काय, कुणाच्या हातात असते का? मी कुणाला दोष दिला नाही. देवालाही नाही. मूर्ख होते.

चर्चच्या वहीत रफाएल लिहिलं गेलं. दफनभूमीतल्या लहानशा क्रुसावरही रफाएल. मंगेशने फादरना विचारलं, नाव बदलता येईल का. फादर भले माणूस, कानकोंडे झाले. म्हणाले, बाप्तिस्मा एकदाच होतो. मंगेश म्हणाला, बापही एकदाच झालो होतो मी. आणि बाहेर जाऊन स्कूटरवर बसून राहिला. आम्ही नंतर पुन्हा मुलासाठी धीर केला नाही. हे तुला माहीत आहे.

हे सगळं मी गिळलं, ताई. नाव गिळलं, क्रूस गिळला. तू मला म्हणालीस, त्याचा टोपीतला फोटो शिबिरात दाखवू का, लग्न करणाऱ्या पोरापोरींना जिवाची किंमत कळेल. मी हो म्हटलं. माझ्या मुलाचा कुणाला तरी उपयोग होतोय, एवढंच मला त्यात दिसलं.

मग चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मुलीच्या लग्नाला गेले. नवरी माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, मॅडम, आम्ही शिबिरात तुमचीच गोष्ट ऐकली ना? नंतर कुणीतरी सांगितलं की फिलोमिना आंटींची बहीण म्हणजे तुम्ही. काय नशीबवान हो, तुमच्या कुशीत, तुमच्या डोळ्यांत बघत गेला! माझ्या हातात आइस्क्रीमची वाटी होती. ती मी तशीच धरून उभी राहिले, ते पातळ होऊन हातावर येईपर्यंत.

डोळ्यांत बघत? माझे डोळे मिटलेले होते आणि त्याचे उघडलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. तू नाकारलं नाहीस. बसलीस, नेहमीसारखी. म्हणालीस, “लोकांना अर्धवट दुःख सांगून चालत नाही गं. त्यांना धीर द्यावा लागतो. आणि देवाच्या नजरेत तो तुझ्याच कुशीत गेला.” मी म्हटलं, देवाच्या नजरेत असेल, माझ्या कुशीत नाही. यापुढे ही गोष्ट सांगायची नाही. फोटो परत दे. तू मान हलवलीस. फोटो दिला नाहीस. आणि काल कळलं की दोन वर्षांनंतरही जेनेटसारख्या पोरींना तू तेच सांगत होतीस. खोटं बोललीस, ताई. बॉम्ब टाकू नका म्हणून उन्हात उभी राहणारी तू, धाकट्या बहिणीच्या मेलेल्या मुलाबद्दल माइकवरून खोटं बोललीस.

साडेतीन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. तू आमच्या सोसायटीच्या गेटवर येऊन वॉचमनच्या शेजारी बसायचीस. किती रविवार? मी खिडकीतून बघायचे. तुला वाटलं, बसून राहिलं की मी खाली उतरेन, सगळे उतरतात तशी. मी उतरले नाही. एकदा तुला ऊन लागून चक्कर आली. वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं. मी म्हटलं, पाणी द्या आणि रिक्षात बसवून द्या. ही मी. आता तू काय करणार आहेस?

आणि मग तुला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. न्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तू माझ्याकडे आलीस. मंगेशने, त्या मंगेशने, तुला उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं. अडीच महिने मी तुझं सगळं केलं. पेज भरवली, अंग पुसलं, कूस बदलली. शेजारणी म्हणायच्या, बहीण असावी तर अशी. त्यांना माहीत नव्हतं की दार लावून घेतल्यावर मी तुला काय विचारायचे.

आता लिहितेच. मी तुझ्या तोंडाशी चमचा धरायचे आणि विचारायचे, सांग, कुणाच्या कुशीत गेला? तुला बोलता येत नाही हे माहीत असून विचारायचे. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, मी ते पुसायचे आणि पुढचा घास द्यायचे. रोज. एक दिवस चुकला नाही. शत्रूशीही कुणी असं वागत नाही, हे तूच पाटीवर लिहून उभी राहिली असतीस.

तू डाव्या हाताने माझं मनगट पकडायचीस आणि उशाखालची रोझरीची माळ ओढून माझ्या हातात द्यायचीस. मला वाटायचं, प्रार्थना कर म्हणतेय. एवढं होऊनही हिला प्रार्थनाच सुचते! मी ती माळ काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवायचे. तू तिकडे बघत राहायचीस, म्हणून रात्री ती परत उशाखाली ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी ती कपाटात टाकून दिली.

तुला मातीत ठेवून परतताना दफनभूमीच्या फाटकाशी एक बाई थांबली होती. चाळिशीची, खांद्याला पर्स, पायात पांढरे बूट. म्हणाली, मी सुनंदा, नर्स आहे, तुमच्या बाळाच्या वेळी मी होते. मी तिला ओळखलं नाही. ती बराच वेळ पर्सची चेन उघडत-लावत राहिली. मग म्हणाली,

“मॅडम, आठ वर्षं मनात आहे. तुम्ही शुद्धीवर आला होतात. दोनदा बाळ मागितलंत. मी आंटींना सांगितलं, आईला देऊ या. त्या त्याला घेऊन माळ जपत होत्या. बोटानेच थांब म्हणाल्या. एवढीशी राहिली होती हो माळ. मी नवीन होते. मी थांबले.”

मी विचारलं, एवढीशी म्हणजे किती? तिने हवेत वीत धरून दाखवली.

वीतभर माळ, ताई! मी रोझरी म्हणतच मोठी झाले. वीतभर म्हणजे वीस-बावीस मणी. भराभर म्हटलं तर पाच मिनिटं. पण तू कधी भराभर म्हणत नव्हतीस. लहानपणी मी शब्द खाल्ले की तू मला पुन्हा पहिल्या मण्यापासून म्हणायला लावायचीस. रोझरी अर्धवट सोडायची नाही, देवाच्या आईशी बोलता बोलता उठून जायचं नाही, हे तूच मला चिमटे काढून शिकवलंस. तिथे पलंगावर दुसरी एक आई हाका मारत होती. तिच्यासाठी तुला उठता आलं नाही?

मला माहीत आहे तू काय केलंस. तुला वाटलं, ही प्रार्थना पुरी झाली की तो वाचेल. निदान मी नीट शुद्धीवर येईपर्यंत टिकेल. तू त्याच्यासाठीच भीक मागत होतीस. मधेच उठलं तर मागणं तुटेल, अशी तुला भीती वाटली. दुष्टपणा नव्हता तो. दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तू माळ पुरी केलीस, क्रुसाचं चुंबन घेतलंस, खाली बघितलंस, आणि तो गेला होता. मग तू ते सगळं घेऊन माझ्या पलंगाशी आलीस आणि पहिलं खोटं बोललीस.

म्हणून तू ती माळ माझ्या हातात देत होतीस का? सांगायचं होतं का तुला? मला तसं वाटतं. तसं वाटून घ्यायला मला बरं वाटतं, हेही खरं. पण तुझ्याकडे बोलती आठ वर्षं होती, ताई. त्या आठ वर्षांत तू शंभर हॉलमध्ये बोललीस, फक्त माझ्याशी नाही.

माफ करते असं लिहायला मी बसले नाही. तुझ्या मिस्स्याला सगळे तेच म्हणतील, त्यात माझं एक कमी पडलं तर चालेल. मला वेगळंच खातंय. नर्सच्या हातात रबरी मोजे होते. मंगेश पुलावर होता. मी भुलीत. उघड्या हातांनी त्याला जिवंत धरलेलं माणूस या जगात एकच होतं, आणि त्याला आम्ही तेवीस दिवसांपूर्वी पुरलं.

तो गरम होता का गं? मूठ मिटली होती की उघडी? पाणी पडलं तेव्हा दचकला? काही आवाज केला? तू शिबिरात लोकांना जे सांगायचीस ते नको, खरं. तू गेटवर बसायचीस तेव्हा खाली उतरून एवढं विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस. मला तुला शिक्षा करायची होती. ती मी केली, आणि ती पन्नास मिनिटं तुझ्याबरोबर गेली.

आता वचन देते. तुझ्यासारखं नाही, पाळायचं.

रविवारी मिस्स्याला मी त्या तांबड्या माठाची गोष्ट सांगेन. लोक हसतील, त्यांना हसू दे. मग सांगेन की तुझा एक भाचा होता आणि त्याचं नाव ईशान होतं. फादर खाली बघतील. बघू देत.

आणि आज चार वाजता मी जेनेटसमोर बसेन. तिला सांगेन की फिलोमिना आंटी गेल्या, आणि त्या गोष्टीतली आई मी. बाळ ठेव की नको, हे मी सांगणार नाही. तिने नको म्हटलं तर मी तिच्याबरोबर दवाखान्यात जाईन आणि बाहेर बाकावर बसेन, आणि तू मला तिथून उठवायला येऊ नकोस. तिने ठेवायचं म्हटलं, तर त्या दिवशी मी आत असेन. कुणाच्या हातात पाणी असो, माळ असो, कॅमेरा असो, बाळ आधी तिच्या छातीवर जाईल. ती भुलीत असली तरी तिच्या छातीवर. तिचा हात मी उचलून त्याच्या पाठीवर ठेवीन आणि धरून ठेवीन. आणि ती शुद्धीवर आली की तो कसा होता ते सगळं, तिने विचारायच्या आधी, तिला सांगेन.

ईशानची आई,
सेलिन